पंख्यासकट आवाज

निवृत्तीनंतर डोंबिवलीच्या हरिहरपंतांनी संगणकाला मराठी आकडे ऐकायला शिकवायचं मनावर घेतलं. त्यामागं कारण होतं. पत्नी मंदाकिनीबाईंना कंपवात होता; फोनच्या डायलमधून बोट निसटायचं. नौपाड्यातल्या लेकीला, सुमेधाला, फोन लावायचा तर नवऱ्यालाच हाक मारावी लागे आणि लावून दिल्यावर स्वारी तिथंच ठाण मांडून बसे! बाईंना एकदा तरी लेकीशी एकटीनं बोलायचं होतं.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात छताचा पंखा फुल्ल सोडून त्या माइकसमोर बसल्या. शून्य, एक, दोन... दुपारभर ते आकडे अंगाईसारखे खोलीत फिरत राहायचे आणि शिकवणारे पंतच पेंगायचे. यंत्र मात्र हळूहळू शहाणं झालं. यंत्राला नंबर फिरवता यावा म्हणून फोनला जोडायची पेटी तेवढी मिळायला डिसेंबर उजाडला.

आता पंखा बंद होता आणि यंत्र ठार बहिरं! सहा म्हटलं तर गप्प, सात म्हटलं तर दोन. पंतांनी माइक बदलला, वायरी हलवल्या. मग पडद्यावर उन्हाळ्यातल्या आवाजाच्या रेषा काढल्या, तर प्रत्येक आकड्याखाली पंख्याची घरघर पसरलेली. यंत्रानं तिलाही बाईंचाच आवाज मानलं होतं. त्यांनी घरघर वजा करून पाहिली, तर तिच्याबरोबर सहा-सातातला हलका 'स'ही धुऊन गेला. पंतांनी कपाळाला हात लावला.

"पुन्हा पहिल्यापासून शिकवू. आठवडाभर लागेल."

"अहो, मला आज बोलायचंय. लावा पंखा."

"अगं, कुडकुडशील!"

"कुडकुडू दे."

पंखा फिरू लागला. शाल लपेटून बाईंनी एकेक आकडा उच्चारला. यंत्रानं मुकाट्यानं नंबर फिरवला. पलीकडे कुणीतरी फोन उचलला.

"सुमे, मीच लावला गं!" म्हणताना बाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. पंत उठले, गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं.

बाहेर मऊ ऊन पडलं होतं. दाराआड बायकोचा आवाज आणि घरघर एकमेकांत मिसळून गेली होती. पंतांना फार बरं वाटलं. पण सवयीचे कान! ते आपोआप घरघरीतून शब्द वेगळे काढू लागले. एक शब्द लागला. दुसरा लागणार, तोच पंतांनी कठड्यावरून वाकून भाजीवाल्याला उगाचच मोठ्यानं हाक मारली, "काय रे, मटार कसे दिले?"