रामटेके सरांच्या पुड्या

रामटेके सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त आनंदाने चार शब्द लिहा, असे संपादकांनी सुचवले. ते मला जमणार नाही, त्याची आधीच माफी मागतो.

सरांची पहिली ओळख कॉलेजच्या वर्कशॉपमधली. लेथवर लोखंड कापताना माझ्या हातून कार्बाइड टूलचे, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचे, टोक तुटले. लाखांदूरहून आलेला घाबरट विद्यार्थी मी. तुकडा गुपचूप लोखंडाच्या किसात ढकलला. सरांनी पाहिले. रागावले नाहीत, माझ्याबरोबर खाली बसून शोधू लागले. म्हणाले, "काहून फेकलं बाबू? काय चुकलं, तेच तं सांगते हे." तुकडा सापडल्यावर किराणा दुकानातल्यासारखी कागदाची पुडी बांधून त्यांनी वर माझे नाव लिहिले.

पुढे कॉलेजजवळच्याच एका कारखान्याने विद्यापीठाशी संशोधनाचा करार केला आणि ते काम सरांकडे आले. खाणीतल्या यंत्रांचे चिवट पोलाद कापताना टूल भराभर झिजत. सरांनी झिजलेले एकही टोक भंगारात जाऊ दिले नाही. प्रत्येकाची पुडी, वर कारागिराचे नाव आणि कापताना आलेल्या आवाजाची नोंद. शोधनिबंधावर ऑपरेटर देवाजीभाऊंचे नाव त्यांनी स्वतःच्या आधी घातले. हरकत आली तेव्हा म्हणाले, "मशीन त्याईनं ऐकली, मी तं फक्त लिवून राहिलो."

सरांच्याच शब्दावर मी त्या कारखान्यात लागलो, टूलरूमचा प्रमुख झालो. आणि निवृत्तीनंतरही सर ज्यावर काम करत होते, तो करार थांबवण्याचे पत्र गेल्या वर्षी मीच लिहिले. तयार टूल बाहेरून आणायचे, झिजले की टाकायचे, असे वरून आले. मी मान डोलावली. सरांच्या प्रयोगशाळेत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात.

पुड्या सरांनी पवनीला घरी नेल्या. परवा भेटायला गेलो. त्यांची नजर फार अधू झाली आहे. भिंग माझ्या हाती देऊन म्हणाले, "तूच पाहून सांग मले." पुडीवर देवाजीभाऊंचे नाव होते. नाव मी वाचले. टोकाची झीज दिसली, पण ती कशाने झाली, ते सांगता येईना. सरांनी अंगठ्याने चाचपून सांगितले, "थंड करायचं पाणी कमी पडलं होतं इथं." मी पत्राचा विषय काढला, तर म्हणाले, "जाऊ दे. जेवला का तू?" रागावले असते तर बरे वाटले असते.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मी रीत म्हणून लिहीत नाही. त्यांच्या अंगठ्यानंतर या पुड्या वाचणारे कोणी उरणार नाही. ज्याने ते शिकायचे होते, त्याने पत्र लिहिले.