माझा भाऊ म्हणजे डबा नव्हे

आमच्याकडे गाडीबरोबर काहीही पाठवता येतं. पावस गावाच्याही पुढच्या आमच्या गावात रात्री मुक्कामाला आलेली वस्तीची गाडी सकाळी शहराकडे निघते. तिच्याबरोबर शिकायला राहिलेल्या पोरांचे डबे जातात, आमसुलं जातात, कुणाची औषधाची चिठ्ठी जाते. कंडक्टरच्या हातात द्यायचं, कोण घ्यायला येणार ते सांगायचं, की झालं. सगळे या पद्धतीचं कौतुक करतात. मीही करायचे. मग एक दिवस लक्षात आलं की आम्ही माझ्या भावालाही तसाच पाठवत होतो.

दादा चौतीस वर्षांचा आहे. त्याला वाचता येत नाही, घड्याळ कळत नाही, नवी गोष्ट शिकायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सरकारी कागदावर त्याला बौद्धिक अक्षमता म्हणतात. गावाकडे दोन शब्द आहेत. समोर असला की 'देवाचं लेकरू', पाठ फिरली की 'येडा'. मला पहिल्याचा जास्त राग येतो. येडा म्हणणाऱ्याशी निदान भांडता येतं. दाढीत पांढरे केस आलेल्या माणसाला लेकरू म्हणणाऱ्याशी कसं भांडणार? तो तर माया करत असतो!

भाट्याचा पूल ओलांडला की पुढच्या नाक्यावर एक शेड आहे. आंब्यासाठी पुठ्ठ्याचे खोके तिथे सपाट येतात, दादा ते उभे करतो. आधी बूड, मग चार बाजू, मग झाकणाची पट्टी खाचेत. त्याचा खोका कधी उसवत नाही. या कामावर त्याचा भारी जीव. जन्मात पहिल्यांदा घराबाहेरचं कुणीतरी त्याला म्हणालं होतं, "उद्या लवकर ये रे, माल जास्त आहे."

आई रोज त्याला गाडीवर सोडायची. आधी नाक्याजवळ राहणाऱ्या मामाचा डबा कंडक्टरच्या हातात, मग दादाचा दंड. "दोन्ही नाक्यावर उतरवा हो." डबा इंजिनाच्या झाकणावर, दादा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. आणि दादाला ताकीद: "ते उठ बोलतील तेव्हाच उठायचं. मधे हलायचं नाय." आई आजारी असली की हे मी करायचे. शब्दसुद्धा तेच. आणि त्याच दिवशी दुपारी शहरात पत्रकं वाटायचे: प्रौढ माणसाला प्रौढासारखं वागवा. पत्रक मीच लिहिलेलं. घडी घालून द्यायला दादाच होता. त्याला काय लिहिलंय ते वाचून दाखवावं, हे मला सुचलं नाही.

मग एकदा कंडक्टर नवा आला. नाक्यावर गर्दी होती. मामाने बाहेरून खिडकीशी हात वर केला, नव्या माणसाने डबा दिला, घंटी मारली. दादा आधीच उतरून शेडकडे गेला असेल असं समजून मामा निघून गेला. डबा पोचला. दादा गाडीबरोबर थेट स्टँडवर गेला आणि रिकाम्या गाडीत बसून राहिला. ड्रायव्हर पाण्याची बाटली घ्यायला परत आला तेव्हा त्याला दिसला.

संध्याकाळी आमच्या ओटीवर सभाच भरली. शेजारची काकू म्हणाली, "बसवा त्याला घरी. त्याला कळत असतं तर एक गोष्ट." आईने डोळे पुसून मान हलवली. काम बंद, ठरलं. ज्याचं काम, तो पायरीवर बसून सगळं ऐकत होता.

मी त्याला विचारलं, "दादा, नाका आला ते कळलं नाही तुला?"

"कळला. मामा पन दिसला. डबा घेतलान."

"मग उठला का नाहीस?"

"उठ बोलला नाय."

त्याला सगळं कळलं होतं. आपला नाका मागे जाताना त्याने पाहिला आणि आम्ही शिकवलं होतं तसं न हलता बसून राहिला. हरवायचं कसं, ते आम्हीच त्याला रोज सकाळी शिकवत होतो!

मी तोंड सोडलं. काकूला बोलले, आईला बोलले. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू बोलशील गो. पत्रकं वाटशील नि झोपशील. तो खरंच हरवला तर मी कुठं शोधू?"

मी एवढंच म्हटलं की त्याला विचार. तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी विचारायची वेळच आली नाही. आई चुलीपाशी असताना दादा आंघोळ करून, शर्ट घालून गाडीकडे चालू लागला होता. आई डबा घेऊन धावली, मी तिच्या मागे. कंडक्टर तोच, कालचा. दाराशी दादा उभा, आणि हा त्याच्या डोक्यावरून मला विचारतो, "आज कुठं उतरवू याला?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. तेवढ्यात दादाने दांडीवर हात आपटला.

"मला विचार."

मागून कुणीतरी हसलं, "अरे मेल्या, आज भाषण!" कंडक्टर हसला नाही. ओशाळला. "बरं, सांगा. कुठं?"

"पुलापल्याडचा नाका. मीच उठनार. आनि डबा माझ्याकडं दे."

शेवटचं वाक्य आईसाठी होतं. तिने डबा लगेच सोडला नाही. दादाने ओढून घेतला.

त्याला काही महिने झाले. सगळं सुरळीत चाललंय असं मी लिहिणार नाही, कारण माझं कुठलं चाललंय? गेल्या आठवड्यात मामाचा फोन आला, दादा नाही, डबाही नाही. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तासाभराने दोन्ही पोचले.

संध्याकाळी आईने त्याला उभाच धरला. "कुठं होतास?"

"भाट्याला उतरलो. समुद्र बघितला. मग पुलावरनं चालत गेलो."

"सांगून नाय जायचं?"

दादाने माझ्याकडे बोट केलं. "बाय सांगून जाते?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडायला घेतली.

"नि शेडवाले?" आईने विचारलं. "ओरडले असतील."

"ओरडले," दादा म्हणाला आणि पाय धुवायला निघाला. "सगळ्यांना ओरडतात."