चौथा ठोका

पबच्या तळघरात काम करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे फेसबुवा म्हणत. नळाच्या बीअरवर येणाऱ्या अवाजवी फेसाशी त्यांचं बावीस वर्षांचं वैर होतं. स्वतः मात्र थेंबही घेत नसत. "कडू लागते हो," असं तोंड वाकडं करून सांगत, जणू बाकीचे लोक गोड लागते म्हणूनच पितात!

दर शुक्रवारी संध्याकाळची गर्दी उसळण्याआधी सातही नळ धुवायचे. पिंपाची नळी सोडवायची, तिच्यात औषधाचं पाणी भरून मुरू द्यायचं, मग साध्या पाण्याने खळखळून काढायचं. काम दोघांचं. एकाने खाली पाणी सोडायचं, दुसऱ्याने वर नळाशी उभं राहून नितळ आलं की कळवायचं. वर उभी राहायची त्यांची बायको. ती तिथेच झाडलोट करायची. फरशी पुसायच्या दांड्याने तीन ठोके, म्हणजे पाणी नितळ. चौथा पडला तर समजावं, बुवा आज डबा घरी विसरलेत.

ती वारली त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून बुवा एकटेच. पाणी सोडायचं, चौदा पायऱ्या चढायच्या, नळाखाली पेला धरून पाहायचं, पुन्हा चौदा उतरायच्या. प्रत्येक पायरीवर गुडघे आपलं स्वतंत्र मत मांडत. गेल्या शुक्रवारी नळ सुरू व्हायला साडेपाच झाले.

"बुवा, आज चारला नळ चालू नसले," मालक सकाळीच म्हणाले, "तर पुढच्या आठवड्यापासून नळ धुवायला बीअरच्या कंपनीची माणसं येतील. मला वाईट वाटेल, पण येतील."

तीन वाजले तरी चारच नळ झाले होते. जिन्यातून आचारी डोकावला. "काका, मी उभा राहतो ना वर! किती दिवस म्हणतोय."

"तू कांदा चीर."

"चिरून झाला. रडूनही झालं. बोला आता."

त्या ठोक्यांवर दुसऱ्या कुणाचा हात बुवांना नको होता. पण घड्याळाला त्याचं काय!

"तीन ठोके," ते अखेर म्हणाले. "मोजता येतात ना?"

पाचव्या नळाला धडाधड आठ पडले.

"अरे, फरशी फोडतोस का?"

"पाणी आरशासारखं आलं, काका! आनंद झाला!"

सहाव्याला मात्र नेमके तीन. हलके, मधे जरा थांबून. बुवा चौथ्याची वाट बघत बसून राहिले. वर पाणी वाहतच होतं.

"काका, झोपलात काय? बंद करा की!"

बुवांनी चावी फिरवली. "सातवा मी करतो. तू जा."

"अहो, पावणेचार झाले!"

"जा म्हटलं ना, बाबा."

पाणी सोडून ते चौदा पायऱ्या चढले. नितळ होतं. कोपऱ्यातला दांडा उचलून त्यांनी स्वतःच तीन ठोके दिले. खाली ऐकायला कुणी नव्हतं. मग धडपडत उतरून पाणी बंद केलं, पिंप जोडलं.

चारला मालकांनी सातव्या नळाचा पेला भरला. फेस बरोबर दोन बोटं.

"बुवा, जिंकलात! कंपनीला नको सांगतो."

माणसं येऊ लागली, खुर्च्या सरकू लागल्या. बुवा भिंतीला टेकून नुसतं पाणी पीत होते.

"काका, डबा नाही आणला?" आचाऱ्याने विचारलं.

बुवांनी इकडेतिकडे पाहिलं. दांडा हाताशीच होता. त्यांनी तो उचलला आणि जमिनीवर हळूच एकदा टेकवला.