पाचव्या घरचा जोगवा

त्या नवरात्रात माझा देवीवरचा विश्वास डळमळला होता. दिवा लावायची, आरती म्हणायची, पण आई ऐकते आहे असं वाटत नव्हतं. मी वारज्यात लोकांच्या घरी पोळ्या करते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून मुलगी पूजा बी.कॉम. झाली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. तिला लगेच एका कंपनीत नोकरी लागली. पाणी शुद्ध करायची मशीन सोसायट्यांमध्ये दारोदार जाऊन विकायची.

पण दारं उघडायच्या आधीच आतून ‘नको’ यायचं. एका आजोबांनी तिला दारावरची ‘विक्रेत्यांना मनाई’ ही पाटी दाखवली आणि म्हणाले, हे वाचता येत नसेल तर पदवी परत करून या. ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाली, ‘‘आई, एखाद्या दिवशी कामावर न जाता खडकवासल्याची बस पकडीन आणि धरणाच्या पाण्यापाशी बसून राहीन.’’ ते ऐकल्यापासून ती घरी येईपर्यंत मी दाराशी उभी राहायची.

आमच्या माहेरी लातूरकडे नवरात्रात मंगळवारी किंवा शुक्रवारी पाच घरी देवीचा जोगवा मागतात. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. मिळालेल्या पिठाची भाकरी करून खायची. मी बुजरी, म्हणून दरवर्षी चाळीतल्या ओळखीच्या घरीच मागते. त्या शुक्रवारी चार घरं झाली. पाचव्या घरी कुलूप होतं. तिथेच उभी असताना पूजाच्या साहेबांचा फोन आला. सकाळपासून तिचा फोन बंद आहे, म्हणाले. आज एक तरी मशीन विकली नाही तर उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा.

मीही फोन लावून पाहिला. बंद. मग तशीच, माळ-परडीसकट, रस्त्यावर धावले. तिला आज कुठल्या सोसायटीत पाठवलंय ते मला ठाऊक नव्हतं. डोळ्यापुढे नुसतं धरणाचं पाणी येत होतं. खडकवासल्याची बस आली आणि मी पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात परडीतलं पीठ दिसलं. जोगवा अर्धा ठेवून गाव ओलांडायचं नाही, असं माझी आई सांगायची. कंडक्टर म्हणाला, ‘‘मावशी, चढा तरी नाहीतर उतरा तरी.’’ मी उतरले. का उतरले ते मला आजही सांगता येत नाही. पोर हरवली आहे आणि मी पिठाचा विचार करते, म्हणून मी स्वतःलाच बोल लावत होते. पण पाय पाचव्या घरासाठी समोरच्या सोसायटीच्या फाटकाकडे वळले.

वॉचमन म्हणाला, विकणारे आणि मागणारे, दोघांनाही आत बंदी आहे. मी मागे फिरणार, इतक्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई आल्या. परडी पाहून त्या थांबल्या. ‘‘अहो, जोगव्याला अडवता काय? माझ्याकडे आल्यात त्या,’’ म्हणाल्या आणि मला जिन्याने वर घेऊन गेल्या.

दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर पूजा बसली होती. बॅग मांडीवर, तोंड सुकलेलं.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तीच म्हणाली, ‘‘आई, वॉचमनची नजर चुकवून आत आले, सकाळपासून इथेच बसलेय. बेल दाबायला हातच उचलत नाही गं.’’

त्या बाई पुढे झाल्या. दार उघडून आत गेल्या, वाटीत पीठ घेऊन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. जोगवा तोंडाने मागावा लागतो. अनोळखी माणसासमोर माझा आवाज कधी निघत नाही. त्या दिवशी निघाला. ‘‘आईचा जोगवा द्या, बाई.’’ परडीत पीठ पडलं. त्यांनी मला आणि पूजाला कुंकू लावलं.

पूजा हळूच म्हणाली, ‘‘आणि त्यांनी दिला नसता तर?’’

‘‘तर पुढचं दार. मागायचं आपल्याकडे असतं, द्यायचं आईकडे.’’

हे मी बोलले, पण मीही ते त्याच क्षणी पहिल्यांदा ऐकत होते.

बाईंनी तिला पाणी दिलं, बॅगेवरचं कंपनीचं नाव वाचलं. म्हणाल्या, ‘‘मशीन आहे गं माझ्याकडे, उगाच आशा लावत नाही. पाणी मात्र पोटभर पी.’’ पूजाला हसू आलं. तिने तोंड धुतलं आणि समोरच्या घराची बेल दाबली. तिथे नको म्हणाले. ती वर गेली. मी पायरीवर बसून ऐकत राहिले. बेल, दार, तिचा आवाज, पुन्हा दार. शेवटच्या मजल्यावरून ती खाली आली तेव्हा एकही मशीन विकली गेली नव्हती, पण तिची मान खाली नव्हती.

नोकरी गेलीच. दिवाळीनंतर तिला एका दुकानात दुसरी मिळाली. त्या बाई मला पुन्हा दिसल्या नाहीत. त्या रस्त्याला एवढ्या सोसायट्या असताना माझे पाय नेमके त्याच फाटकाकडे कसे वळले, हे मी कुणाला विचारत नाही. मी देवीआईकडे पोरीची नोकरी टिकू दे एवढंच मागत होते, तिने मला पोरच परत दिली. तेव्हापासून हात जोडते, पण काय द्यायचं ते तिला शिकवत नाही.