सुमती छपरीत बसली तो दिवस

सुमतीला भीती वाटली की हसू यायचं. लहानपणापासूनचंच होतं ते. हिंगणीला तिचे मामा वारले तेव्हा सगळं घर रडत होतं आणि ही कोपऱ्यात पदर तोंडात कोंबून गदगदा हलत होती. लोकांना वाटलं, पोरगी रडून राह्यली. आईला मात्र बरोबर कळलं, आणि तेराव्यानंतर तिनं एक अशी ठेवून दिली की सुमतीचा कान दोन दिवस वाजत होता.

तर त्रेपन्न सालच्या महालक्ष्म्यांना, जेवणाच्या दिवशी, सुमती सकाळपासून हसत होती.

आठ वर्षं झाली होती लग्नाला आणि मूल नव्हतं. नवरा मधू वर्ध्याच्या कचेरीत कारकून, साधा माणूस, तो काही बोलायचा नाही. बोलल्या त्या थोरल्या जाऊबाई, आष्टीच्या प्रमिलाबाई. आषाढात आखाडीच्या सणाला आल्या तेव्हा सरळ स्थळच घेऊन आल्या, त्यांच्या मावसबहिणीची मुलगी. तेव्हा असं चालायचं, घरात एक असताना दुसरी आणायची. जाताना म्हणाल्या, "महालक्ष्मीले येईन तवा हो का नाई ते सांगून टाका. पोरीच्या बापाले मी किती दिवस थांबवू?"

आणि त्यानंतर सुमतीची पाळी चुकली.

त्या घरात हे लपण्यासारखंच नव्हतं. दर महिन्याला मागच्या अंगणात, लाकडं ठेवायच्या छपरीत जाऊन बसावं लागायचं, शिवायचं नाही, घरात यायचं नाही. ती त्या महिन्यात छपरीत गेली नाही. पुढच्या महिन्याची तारीखही टळली. सासूबाईंचं, यशोदाबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्या मागच्या ओसरीवर खाटेवर पडून असायच्या आणि छपरी त्यांच्या अगदी डोळ्यांसमोर. त्या काहीच बोलल्या नाहीत. फक्त रोज म्हणायला लागल्या, "सुमे, वाटीभर दूध घे वं." मधू विहिरीचं पाणी स्वतःच ओढायला लागला. तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही गप्प होते. महालक्ष्म्या जेवल्या की सांगायचं, तोवर नको, दृष्ट लागते.

म्हणून ती हसत होती. सगळं तिच्या एकटीवर आलं होतं, सोवळ्यातला स्वयंपाक, दोन्ही महालक्ष्म्यांची लुगडी, पत्री, सोळा भाज्या. पहाटे शेजारची बकरी येऊन आघाडा-केना सगळा खाऊन गेली, ही हसली. कोठीवर उभ्या केलेल्या धाकट्या महालक्ष्मीचं लुगडं तीनदा घसरलं, शेवटी सुतळीनं करकचून बांधलं आणि ही पोट धरून हसली. खाटेवरून यशोदाबाई ओरडल्या, "काय झालं वं?"

"काई नाई आई, लहान्या बाईचं लुगडं सुटलं!"

"तं हसते काऊन? बांध ना!"

पुरण शिजत आलं होतं. कढीला फोडणी द्यायची म्हणून ती उठली आणि तिला कळलं.

पोटात आधीच कळ येत होती, ती तिनं उभं राहून राहून आली म्हणून सोडून दिली होती. आता सोडता येणार नव्हती. ती चुलीपुढे तशीच उभी राहिली. कोणी पाहिलं नव्हतं, कोणाला कळणारही नव्हतं. आजचा दिवस गप्प बसली असती तर नैवेद्य झाला असता, आल्यावर प्रमिलाबाईंना तोंड देता आलं असतं, चार दिवसांनी काहीही सांगता आलं असतं. एवढं सगळं तिच्या डोक्यातून गेलं, आणि मग तिची नजर देवघरात उभ्या असलेल्या त्या दोघींकडे गेली. त्यांच्याचजवळ मागणं मागायचं होतं ना तिला. अशा हातांनी त्यांना कसं वाढणार?

ती मागच्या दारानं बाहेर पडली. ओसरीवरून जाताना खाटेकडे तिनं पाहिलं नाही. छपरीत जाऊन लाकडांशेजारी पोत्यावर बसली, आणि तिला हसूच आवरेना.

यशोदाबाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मधू, इकडे ये."

तो आला. छपरीकडे पाहिलं त्यानं. चेहरा एकदम उतरला, पण बोलला एवढंच, "आता?"

"आता काय, आंघोळ कर. ओलं धोतर नेस. शिजलं तेवढं गाईले घाल, चूल सारव आन् नव्यानं लाव."

"मी?"

"मंग कोन? गल्लीत घरोघरी महालक्ष्म्या आहेत. कोनाची बाई येनार आज? आन् मी अशी पडलेली."

कचेरीत मोत्यासारखं अक्षर काढणारा मधू ओलं धोतर नेसून चुलीपुढे बसला. धूर डोळ्यांत गेला. एकीकडून आई सांगायची, दुसरीकडून बायको, आणि दोघींचं पटायचं नाही.

"डाळ बोटानं दाबून पाह्य!" आई ओरडली.

"बोटानं नाई हो, पळीनं! भाजन!" छपरीतून सुमती.

"भाजलं!" आतून मधू.

थोड्या वेळानं मोरीतून पिवळं पाणी वाहत अंगणात आलं, थेट छपरीसमोरून. सुमती ताडकन उठली. "अहो, हे काय ओतून राह्यले? कट होता तो! आमटी कायची करान आता?"

आतून मधूचा बारीक आवाज, "मले वाटलं डाळ धुतलेलं पानी आहे."

यशोदाबाईंनी कपाळावर हात मारला. सुमती हसली, मग आतून मधूही हसायला लागला, खोकत खोकत. धुरामुळे की कशामुळे कोण जाणे, दोघांच्याही डोळ्यांना पाणी होतं.

सोळा भाज्या त्यानं एकाच पातेल्यात टाकल्या. "वेगळ्या करत बसलो तं महालक्ष्म्या विसर्जनालेच जेवतीन!" वडा तेलात सोडला तो फुटला आणि मनगटावर फोड आला. त्याची पोळी तव्यावर फाटली, पुरण जळालं. सुमतीनं छपरीतून वास घेतला. "अहो, आच कमी करा! आन् दुसरा गोळा लहान घ्या, लहान!" उठून आत जावं, त्याच्या हातातलं लाटणं ओढून घ्यावं, असं तिला दर वेळी वाटायचं आणि दर वेळी ती खाली बसायची. हसणं थांबलं की पोटातली कळ जाणवायची. मग ती पुन्हा काहीतरी ओरडून सांगायची.

आष्टीची मोटर कुठंतरी नाल्यावर अडकली होती, म्हणून प्रमिलाबाई दिवेलागणीला आल्या. सरळ मागच्या अंगणात पाय धुवायला आल्या आणि छपरीत सुमती दिसली. एका क्षणात त्यांना सगळं कळलं, कळायला काय होतं त्यात.

"म्हंजे औंदाबी तेच का," त्या म्हणाल्या.

सुमती त्यांच्या वाटेतून पोतं मागे ओढून बसली.

नैवेद्य दाखवला. महालक्ष्म्या जेवताना कोणी बघायचं नसतं, म्हणून मधूनं पडदा ओढला आणि सगळे मागच्या ओसरीवर येऊन बसले. त्या वेळी बोलायचंही नसतं. पण प्रमिलाबाईंना राहवलं नाही. दबक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, मंग काय सांगू तिकडे?"

मधू मनगटावरच्या फोडावर फुंकर घालत होता. "वहिनी, दुसरीबी महिन्याले बाहेर बसनच ना? म्हंजे पुरन मलेच वाटा लागन. ते काई माह्यानं होनार नाई."

"गंमत करून राह्यले का? मी पोरीच्या बापाले शब्द देऊन बसली."

"मंग सांगा त्याले. नाई म्हटलं म्हना."

प्रमिलाबाई सासूकडे वळल्या. "आई, तुमी तरी सांगा. दोघी राह्यल्या तं काय बिघडते? या महालक्ष्म्या नाई का, थोरली-धाकटी, एका घरात उभ्या राहत?"

यशोदाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. "त्या तीनच दिवसांसाठी येतात, प्रमिले."

मग म्हणाल्या, "आंजी गावाले, तुह्या सासऱ्याच्या घरी मी दुसरी म्हनून आली. तुले कोनी सांगतलं नसन. मी आली तवा थोरली सवत अशीच छपरीत बसलेली होती, चार दिवसांची. मले पोरगं झालं, मंग ती बाराही महिने तिथंच राहायले लागली. कोनी तिले जाय म्हटलं नाई. मीबी ये म्हटलं नाई." त्यांनी छपरीकडे पाहिलं. "मले ते आता पुन्हा पाहाचं नाई. येवढंच."

प्रमिलाबाई पदराचं टोक पिळत बसल्या.

पडदा उघडला, आरती झाली. मधूनं पत्रावळीवर वाढलं, तिच्यापासून अंतर राखून जमिनीवर ठेवलं आणि काठीनं पुढे सरकवलं. पोळी कडेनं करपलेली, मधून कच्ची. सुमतीनं एक घास घेतला, आणि आता तिला हसू आलंच नाही. ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरासारखी, घास तोंडात तसाच.

"सनासुदीचं रडू नये वं," प्रमिलाबाई म्हणाल्या, पण आवाज मऊ होता.

"रडू दे तिले," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे वाहत होते.

मधू जवळ जाऊ शकत नव्हता, त्याला अजून प्रमिलाबाईंना सवाष्ण म्हणून वाढायचं होतं. तो त्या अंतरावरच थोडा वेळ उकिडवा बसून राहिला. सुमतीनं नाक पुसलं, दुसरा घास घेतला, आणि रडत रडतच ती करपलेली पोळी सगळी खाल्ली.