गाडीतली चौथी बाई

कुणी पराक्रमाची गोष्ट सांगू लागलं, की सर खिशातून शिंप्याची टेप काढायचे. "चला, मोजून बघू," म्हणायचे. सांगणाऱ्याचा चेहरा पडायचा.

सर म्हणजे मुकुंदवाडीतले माझे शेजारी, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. रझाकारांशी झालेल्या लढ्याच्या गावोगावच्या दंतकथा तपासून पुस्तक लिहायचं हा त्यांचा उद्योग, आणि त्यांना स्कूटरवरून हिंडवायचं हा माझा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याला जेवायला बोलवावं आणि पस्तावावं.

करमाडजवळच्या एका गावात पाटलांनी चौकटीतलं गोळीचं भोक अभिमानानं दाखवलं. सरांनी आत तार घातली. ती थोडी आत जाऊन वळली.

"गोळी अशी वळत नाही, पाटील. हा भुंग्याचा पराक्रम आहे."

त्या दिवशी पुरणपोळीचा नुसता वास घेऊन आम्ही उपाशी परतलो. वाटेत मी चिडून विचारलं, "सर, घरच्या गोष्टीला कधी टेप लावलीत का?"

घरची गोष्ट तालुकाभर माहीत होती. लासूर स्टेशनजवळच्या त्यांच्या गावाची वेस सरांच्या वडिलांनी, घरच्यांच्या 'दादां'नी, एकट्यानं, कुऱ्हाड घेऊन अडवली होती म्हणे. शाळेत त्यांचा फोटो आहे. सर पुढचे दोन महिने जुन्या उर्दू कागदांत बुडाले. निजामाच्या सरहद्दीवरच्या नाक्याच्या एका वहीत त्यांना घरची बैलगाडी सापडली. नोंद नेमकी वेस अडवल्याच्या दिवसाची होती: बायका चार, पोरगी एक.

"आमच्या घरात बायका तीनच होत्या हो," सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी प्रथमच ऐकला.

छापावं तर बापाची अब्रू जाणार. न छापावं तर लोकांच्या चौकटीत तार घालायची कोणत्या तोंडानं? शेवटी मी त्यांना स्कूटरवरून थोरल्या बहिणीकडे, गावी आक्कांकडे नेलं. वहीतली पोरगी म्हणजे आक्काच. सगळं ऐकूनही त्या शेंगा सोलतच राहिल्या.

"दादाला आईचं हिरवं लुगडं नेसवलं व्हतं. निऱ्या म्याच धरल्या. नाका सरंस्तोवर दादानं पदर खाली केला न्हाई."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"इचारलं कुणी? आन् दादा पळाला म्हणून तू जन्मला, शाण्या. वेशीत उभा ऱ्हायला आसता तर तू कुठून आला आसता? छाप जा."

सर हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. मीही भिंतीकडे बघत बसलो.

शाळेतल्या भाषणात सरांनी हे सांगून टाकलं; गावानं त्यांना पुन्हा भाषणाला बोलावलं नाही. गेल्या हिवाळ्यात सर गेले. स्कूटर आता लांब कुठं न्यावीशी वाटत नाही. पुस्तक त्यांच्या मागं आलं, तेव्हा मात्र आक्कांची प्रत द्यायला गेलो आणि ते पान वाचून दाखवलं. खाली तळटीप होती: 'ही माहिती माझ्या थोरल्या बहिणीनं दिली. निऱ्या तिनं धरल्या होत्या.'

आक्कांनी चष्मा पुसून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझं एवढं बारीक लिवलं व्हय? मोठं कर म्हनावं त्याला," त्या म्हणाल्या.