शेवटच्या कार्यक्रमाला बाबा आले होते

रविवारच्या कार्यक्रमाला येता का, हे बाबांना विचारायला मला तीन दिवस लागले. फोन लावायचो, आंब्याला मोहर कसा आहे, आईचा गुडघा कसा आहे, एवढं विचारायचो आणि ठेवून द्यायचो. चौथ्या दिवशी बोललो.

"बाबा, रविवारी मालवणाक येतलात काय? एक कार्यक्रम आसा."

"कसलो? दशावतार?"

"नाय. गाणी."

"मगे डबलबारी?"

डबलबारी म्हणजे आमच्याकडची भजनाची जुगलबंदी. बाबा तिच्यासाठी तीन गावं ओलांडून चालत जातात.

"भजनां नाय हो. बँड आसा, मुंबयचो. चाळीसेक वर्षां वाजवतत. आता बंद करतत."

"लग्नातलो बँड?"

"तसो नाय..." पुढे काय सांगावं ते मला सुचेना. 'रॉक' हा शब्द आमच्या घरात कधी कोणी उच्चारलेला नव्हता. बाबाच म्हणाले, "तू बोलावतंस मां? मगे येतंय."

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. बाबा चौथीपर्यंत शिकले. गाव कसालच्याही आत, त्यामुळे मी मालवणात एका खोलीत राहतो. खोलीतला दुसरा मुलगा दर शनिवारी घरी जातो. पहिल्या वर्षी मला वर्गात काहीच कळत नव्हतं, कारण सगळं इंग्रजीत. आमच्या आधी त्या खोलीत राहणाऱ्या एका मोठ्या मुलाने जाताना माझ्या फोनमध्ये या बँडची गाणी टाकून दिली. म्हणाला, हा गायक सावकाश आणि स्वच्छ उच्चार करून गातो, ऐकत जा, इंग्रजी सुधारेल.

इंग्रजी किती सुधारलं ते माहीत नाही. पण संध्याकाळी लायब्ररीतून निघालो की मी कानात ती गाणी घालून धक्क्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. एकेक ओळ थांबवून वहीत लिहून घ्यायचो. असं दीड वर्ष चाललं. शनिवार-रविवारी तर दिवसभर मी खानावळवाल्या काकींशिवाय कोणाशी बोलायचोच नाही. तेव्हा त्या गायकाचा आवाज मला ओळखीच्या माणसासारखा वाटायला लागला होता.

ही गोष्ट मी फक्त एकाला सांगितली होती. प्रॅक्टिकलला माझ्या टेबलावर असतो त्या मुलाला. त्याचे वडील मालवणात डॉक्टर आहेत. तो सगळ्यांशी मालवणीत बोलतो, सरांशीसुद्धा, आणि कोणी त्याला काही म्हणत नाही. मी मात्र त्याच्याशी पुस्तकी मराठीत बोलायचो. मला त्याच्याशी मैत्री करायची होती. एकदा मी त्याला एक गाणं ऐकवलं. त्याने अर्धा मिनिट ऐकलं आणि इअरफोन परत दिला.

"ह्यां काय रे? म्हातारे खोकतत जनु!"

तो हसला, आणि मीही हसलो. नंतर तो विषय मी कधी काढला नाही.

तोच बँड या हिवाळ्यात आमच्याकडे आला. मालवणाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, एका रिसॉर्टवाल्यांनी पांढरा घुमट उभा केला आहे. आत भिंतींवर, छतावर, सगळीकडे पडदाच. त्यात बसलं की चित्र आपल्या भोवती फिरतं. रिक्षावाले त्याला 'अंडा' म्हणतात. "अंड्यार सोडू काय?" असं विचारतात. बँडने कायमचं थांबायचं ठरवलं होतं आणि थांबण्याआधी सहा आठवडे, दर शनिवार-रविवारी, त्या अंड्यात वाजवायचं होतं. शेवटच्या रविवारी दुपारी चारच्या कार्यक्रमाचे पास आमच्या कॉलेजला मिळाले. सरांनी विचारताच वर्गातले सगळे हात वर झाले. बहुतेकांना घुमटात फोटो काढायचे होते. प्रत्येकाला दोन पास मिळाले.

खरं सांगायचं तर दुसरा पास मी आधी त्या डॉक्टरांच्या मुलासाठी ठेवला होता; पास वाटले तेव्हा तो वर्गात नव्हता. तो म्हणाला, "माझ्या बापसान तिकिटां आधीच घेतल्यान." मग मी बाबांचा विचार केला. एकदा तो विचार मनात आल्यावर मला दुसरं काही नको झालं. माझ्या घरातल्या एका तरी माणसाने माझ्या शेजारी बसून हे ऐकावं, मी इथे एकटा काय करत असतो ते त्याला कळावं, एवढंच मला हवं होतं.

बाबा दुपारच्या एस्टीने आले. जत्रेला घालतात तो पांढरा शर्ट घातला होता. हातातल्या पिशवीत आईने दिलेले घावणे होते. रिक्षातून उतरून त्यांनी घुमटाकडे मान वर करून पाहिलं.

"ह्येका वासे खंय आसत रे?"

"हवेवर उभो आसा तो, बाबा."

"हवेर? मगे लवकर बसाया."

आत आम्हाला मधल्या रांगेत जागा मिळाली. डॉक्टरांचा मुलगा बरोबर आमच्या पुढच्या रांगेत, मित्रांबरोबर. त्याने मला पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. का मारली नाही, याचा तेव्हा मी विचार केला नव्हता.

स्टेजवर चार म्हातारी माणसं आली. भोवतालच्या पडद्यांपुढे ती फार लहान दिसत होती. पहिलं गाणं सुरू झालं आणि खुर्च्या थरथरू लागल्या. बाबांनी खाली वाकून पाहिलं. "खाली मिशीन आसा काय?" मग आमच्या चारी बाजूंना समुद्र आला. लाट अंगावर आली तशी बाबांनी पॅंट गुडघ्यापर्यंत ओढून पाय वर घेतले. मग आपलं आपल्यालाच हसू येऊन पाय खाली सोडले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "समुद्र भायर आसा मां? मगे हडे परत कित्याक हाडलो?"

मी मघापासून ज्या गाण्याची वाट बघत होतो ते पाचवं होतं. एक माणूस फार वर्षांनी घरी येतो आणि त्याच्या किल्लीने दार उघडत नाही, असं ते गाणं. मी बाबांना सांगितलं, "तो घराक येता, पण कुलूप उघडणा नाय."

"कुलूप बदलल्यानी आसतला," बाबा म्हणाले.

पण नंतर ते गाणं संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. गायकाकडे बघत राहिले. मी गाण्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होतो. दीड वर्षांत इतकं बरं मला मालवणात कधी वाटलं नव्हतं.

पुढचं सांगण्याआधी आमच्याकडच्या गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवं. गावात काहीही करायचं असलं, जत्रा असो, पेरणी असो, की आधी देवळात देवाला गाऱ्हाणं घालतात. गावचा वडीलधारा माणूस देवापुढे उभा राहून एकेक मागणं मागतो, चुकलंमाकलं पदरात घे म्हणतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. बाबा गावचे मानकरी नाहीत. बैठकीत ते कधी तोंड उघडत नाहीत. पण देवळात त्यांचा "होय म्हाराजा" सगळ्यात मोठा असतो. तो ऐकू आल्याशिवाय गाऱ्हाणं घालणारे काका पुढचं वाक्य बोलत नाहीत.

शेवटचं गाणं झालं. पडदे बंद झाले आणि सगळे दिवे लागले. घुमटाचं नुसतं पांढरं कापड दिसू लागलं. गायकाने गिटार खाली ठेवली आणि मोडक्या मराठीत बोलायला लागला.

"आम्ही आता थांबतो. इतकी वर्षं तुम्ही सांभाळून घेतलं. काही चुकलं असेल तर माफ करा. आमचे दोन साथीदार आधीच गेले, त्यांची आठवण ठेवा."

तो थांबला. लोक टाळ्या वाजवणार होते, पण कोणी पहिली टाळी वाजवेना. त्या शांततेत माझ्या शेजारून, देवळात येतो तसा, मोठा आवाज आला.

"होय म्हाराजा!"

सगळा घुमट हसला. डॉक्टरांचा मुलगा मागे वळला. हसता हसता त्याने मला पाहिलं, मग बाबांकडे डोळ्यांनी खूण करून हळूच विचारलं, "अरे, तू हडे बसलंस? ह्ये कोण? तुझ्याबरोबर आसत?"

मी म्हटलं, "नाही. माहीत नाही."

एवढंच. फार वेळ लागला नाही. बाबा समोर स्टेजकडे बघत होते.

गायकाने डोळ्यांवर हात धरून विचारलं, "कोण बोललं?" बाबांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला आणि उभे राहिले. "तुमी मागितलात. कोणीच काय बोलूक नाय. म्हणान मी होय म्हटलां."

गायकाला काही कळलं नाही. पण मागे बसलेला ड्रमवाला एकदम उभा राहिला. त्याची आई देवगडकडची, हे मला नंतर कळलं. तो माइककडे येऊन गायकाला म्हणाला, "अरे, गाराणां घातलंस तू! ते तुका होय म्हणतत. परत बोल. एकेक बोल."

गायक परत बोलला. एकेक वाक्य.

"इतकी वर्षं सांभाळून घेतलं."

"होय म्हाराजा!" बाबा एकटेच.

"काही चुकलं असेल तर माफ करा."

या वेळी मागच्या रांगांतली माणसंही बोलली.

"गेले त्यांची आठवण ठेवा."

आता सगळेच बोलले. मुलं, बाया, रिसॉर्टचे वेटर, दारातले वॉचमन. डॉक्टरांचा मुलगा दोन्ही हात वर करून ओरडत होता. गायकाने चष्मा काढून डोळे पुसले. लहानपणापासून हजारदा म्हटलेले ते दोन शब्द मला म्हणता आले नाहीत. आत्ताच मी या माणसाला ओळखत नाही असं सांगितलं होतं. आता त्याच्या मागोमाग कसं म्हणणार? त्या सगळ्या घुमटात गप्प असलेला मी एकटाच होतो.

बाहेर आलो तेव्हा अजून ऊन होतं. लोकांनी बाबांना घेरलं. त्यांच्याबरोबर फोटो काढले. मी थोडा लांब, रिक्षांच्या रांगेपाशी उभा राहिलो. जवळ जावं की नाही ते ठरत नव्हतं. डॉक्टरांचा मुलगा बाबांचा हात हातात घेऊन म्हणाला, "काका, एक नंबर! खंयचे तुमी?"

"कसालच्या फुडचो."

"आणि एकटेच इलात?"

बाबांनी गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी अजून तिथेच आहे ना, हे बघावं तसं. मग त्याला म्हणाले, "होय. एकटोच इलंय."

गर्दी पांगल्यावर एस्टी स्टँडवर जाऊन आम्ही बाकावर बसलो. कसालची गाडी यायला वेळ होता. बाबांनी पिशवीतून घावण्यांचा डबा काढून माझ्या हातात दिला, तो परत पाठव म्हणून सांगितलं. मग आपणहून म्हणाले, "तो इतक्या लोकांसमोर मागी होतो रे. कोणी तरी होय म्हणूक होया. नायतर माणूस थंयच उभो रवता." मला वाटलं, आता ते दुसरं काही म्हणतील. पण गाडी लागली आणि ते चढले. मी खिडकीखाली उभा राहून म्हटलं, "पोचल्यार फोन करा." त्यांनी मान हलवली.

सोमवारी प्रॅक्टिकलला डॉक्टरांचा मुलगा सगळ्यांना बाबांबरोबरचा फोटो दाखवत होता. मी बर्नर बंद केला आणि त्याला मालवणीत म्हटलं, "तो माझो बापूस."

त्याला आधी गंमत वाटली. मग माझा चेहरा बघून त्याने फोन खिशात ठेवला.

"पण ते तर म्हणाले, एकटोच इलंय."

"माझ्यासाठी म्हणाले ते."

तो बराच वेळ परीक्षानळ्या धूत राहिला. शेवटी म्हणाला, "माका सांगान काय उपेग? तेंका सांग."

त्या शनिवारी मी घरी गेलो. बाबा काजूखालचा पातेरा ओढत होते. बिया पडायला लागायच्या आधी झाडांखालचा हा वाळका पाला साफ करावा लागतो. मीही एक दाताळं घेतलं आणि त्यांच्या शेजारी ओढायला लागलो. दोन झाडं झाली. तिसऱ्या झाडाखाली मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तेना विचारल्यान तेवा मी तुमका वळख देवक नाय."

बाबांचं दाताळं थांबलं नाही.

"काळोख होतो रे थंय," ते म्हणाले.

दिवे लागलेले होते. हे त्यांनाही माहीत होतं. मी तसं म्हणणार होतो, पण ते पुढच्या झाडाकडे निघून गेले होते.